घरगुती चूल (सातारा जिल्हा) : वापर आणि देखभाल

घरगुती चूल : लाकूड, शेणी, पाचट असे जळण जाळून स्वयंपाक करण्याची व पाणी तापवण्याची माती-विटांची मांडणी. समोर जळण सारायचे तोंड, वर भांडे टेकायला उंचवटे आणि बहुधा शेजारी उरलेल्या आचेवर चालणारा वैल, असे तिचे रूप असते. उज्ज्वला योजनेनंतर (२०१६) गॅस वाड्या-वस्त्यांवर पोहोचला, तरी सातारा जिल्ह्यात भाकरी, अंघोळीचे पाणी आणि घरच्या कार्याचा स्वयंपाक यांसाठी चूल पेटतेच. त्यामुळे तिच्या सुरक्षित वापराचा प्रश्न आजचाच आहे.

जळण तालुक्यागणिक बदलते. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे रानातल्या वाळक्या फांद्या; माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यात बाभूळ, वेडी बाभूळ, तुराट्या, शेणी; कराड-फलटणच्या बागायतीत उसाचे पाचट. बाभूळ सावकाश जळते आणि चांगला आर धरते. शेणी धुमसते, धूर जास्त करते. पाचट मात्र भडकन पेटते आणि जाळ तोंडाबाहेर झेपावतो. ते मूठमूठच सारावे. त्याचा ढीग चुलीपुढे कधीही ठेवू नये.

धूर म्हणजे न जळता निसटलेले जळण. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मे वजन पाण्याचे असू शकते. त्या पाण्याची वाफ करण्यातच आच खर्च होते, जाळ थंड राहतो आणि लाकडातून निघणारे वायू पुरते पेटत नाहीत. ओलावा २० टक्क्यांच्या आत आलेले लाकूड जाळावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की वाळलेल्याचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा दबका. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना चिराही पडलेल्या असतात. लाकूड चिरून, खाली दगड किंवा फळ्या घालून, मधून वारा फिरेल असे रचावे आणि पावसापूर्वी पडवीत घ्यावे. घाटमाथ्यावर चार महिने ऊन मिळत नाही, म्हणून तिथे हे काम उन्हाळ्यातच उरकावे लागते. चुलीच्या वर माळ्यावर जळण वाळत घालण्याची सवय अनेक घरांत आहे. एका ठिणगीने छप्पर पेटू शकते, तेव्हा ती सोडलेली बरी.

धुराने डोळे चुरचुरतात एवढ्यावर भागत नाही. रोज चुलीपुढे बसणाऱ्या बायकांना फुप्फुसांचा दीर्घ विकार आणि मोतीबिंदू, तर कडेवरच्या मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. हे रोखण्यासाठी १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि धुराडे असलेली ‘निर्धूर चूल’ गावोगावी पोहोचली. ती नीट चालायची तर दोन्ही भोकांवर भांडी घट्ट बसली पाहिजेत. वैल उघडा राहिला की धूर घरातच पसरतो. धुराडे शक्यतो सरळ असावे, छपराच्या वर निघावे आणि पाचट, गवत किंवा लाकडी वाशाला भिडू नये. ओले जळण जाळले तर निर्धूर चुलीचेही धुराडे काजळीने भरते, ओढ मंदावते आणि एखाद्या दिवशी ती काजळीच पेटते. म्हणून नव्या चुलीपेक्षा वाळलेले जळण आधी, असे क्रमाने म्हणावे लागेल. धुराडे महिन्यातून एकदा तरी काठीला चिंध्या बांधून, चूल पूर्ण थंड असताना झाडावे.

पेटवताना आधी राख काढावी. राखेने चूल तुंबली की खालून हवा मिळत नाही. काटक्या उभ्या-आडव्या रचून, मोठी लाकडे जाळ धरल्यावर सारावीत. विझत आलेल्या चुलीत रॉकेल ओतणे हा भाजण्याच्या अपघातांचा मोठा धोका आहे: निखाऱ्यांवर त्याची वाफ होते आणि भडका थेट हाताकडे येतो. प्लास्टिक, रंग दिलेले लाकूड, टायरचे तुकडे चुलीत नकोत. पदर खोचलेला असावा, नायलॉनचे कपडे टाळावेत.

पाणी तापवायच्या बंबाचे वेगळे सांगावे लागते. तो पाण्याने भरल्याशिवाय पेटवू नये, नाहीतर कल्हई वितळते आणि सांधे सुटतात. बंद न्हाणीघरात तो धुमसत ठेवणे, किंवा महाबळेश्वरच्या थंडीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन दार लावून झोपणे जीवघेणे ठरते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके जड होऊन मळमळू लागले की माणसाला लगेच उघड्यावर न्यावे आणि १०८ला फोन करावा.

काळ्या मातीने चूल तडकते, म्हणून लिंपायला पांढरी किंवा तांबडी माती, शेण व भाताचे तूस घालून मळतात. रोजचे पोतेरे हे देखभालीचे खरे साधन आहे, कारण हात फिरवतानाच भेग सापडते. कोयना भागात ११ डिसेंबर १९६७चा भूकंप झाला आणि लहान धक्के आजही बसतात. धक्क्यानंतर धुराडे व भिंतीचा सांधा तपासावा.

राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. ती पत्र्याच्या झाकणबंद डब्यात गार करावी, मगच उकिरड्यावर टाकावी. शेजारी कडब्याची गंज असेल तर हे विशेष जपावे. भाजल्यास त्या जागी २० मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नये. फोड फोडू नयेत.