कंदाहारचं डाळिंब आणि मोत्याचा कालवा

२०२१च्या ऑगस्टमधली गोष्ट. सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या एका सुक्यामेव्याच्या दुकानात अंजिराचा भाव विचारला, तर दुकानदार म्हणाला, "कालचा भाव आज नाही बघा. माल तिकडंच अडकलाय की ओ." तिकडं म्हणजे अफगाणिस्तानात. १५ ऑगस्टला तालिबाननं काबूल घेतलं आणि आपल्याकडच्या बाजारात अंजीर, जर्दाळू, मनुका सगळंच चढलं. शेजारी सांगोल्याकडचे एक बागायतदार उभे होते. बदामाची पुडी पिशवीत टाकता टाकता ते बोलले, "चाळीस वर्षं लढाई चाललीय म्हणतात. मग ही झाडं जगवतं कोण तिथं?"

विचारणारा माणूस डाळिंबवाला होता. झाड लावणं आणि झाड जगवणं यातला फरक त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच प्रश्न डोक्यात राहिला.

आपल्याकडे केगावला २००५पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 'सोलापूर डाळिंबा'ला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण डाळिंबाचा विषय निघाला की जुनी माणसं अजून 'कंदाहारी' म्हणतात. हे फळ कंदाहारजवळच्या अर्गंदाब नदीच्या खोऱ्यातलं. सोलापूर जिल्ह्याला आपण दुष्काळी म्हणतो, तरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरून चालतो. कंदाहारला वर्षाकाठी दोनशेही होत नाही. तिथली बाग पावसावर कधीच नव्हती. ती होती डोंगरावरच्या बर्फावर आणि ते पाणी गावापर्यंत आणणाऱ्या वाटांवर. त्या वाटा कशा मोडल्या हे कळल्याशिवाय बागा का गेल्या हे कळत नाही.

यातली सगळ्यात जुनी वाट म्हणजे कारेझ. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर, तिथून गावापर्यंत जमिनीखालून हलक्या उताराचं भुयार, आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून वरून ओळीनं पाडलेली भोकं. मोट नाही, मोटार नाही. पाणी आपल्या पायानं चालत येतं. विजापूरची सुरंग बावडी किंवा बिदरजवळचं नौबादचं कारेझ ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच डोळ्यांसमोर येईल. इराणकडून दख्खनेत आलेली ती हीच विद्या. कारेझची एकच खोड: दरवर्षी गाळ काढावा लागतो. दोन-तीन वर्षं कुणी आत उतरलं नाही की भुयार बसतं. उघड्या कालव्यांचंही तेच. म्हणून अफगाण गावात पाण्याच्या पाळ्या लावायला 'मिराब' असतो, आपल्या फड पद्धतीतल्या पाटकऱ्यासारखा. त्यानं हाक दिली की घरटी एक माणूस खोरं घेऊन गाळ काढायला येतो. या सामुदायिक कामाला तिकडं 'हशर' म्हणतात.

डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत फौजा आल्या. त्यांच्याशी लढणारे मुजाहिदीन बागांमध्ये दबा धरायचे, कारेझमध्ये लपायचे. मग बागही शत्रू ठरली आणि भुयारही. कारेझ उडवले गेले, रस्त्याकडेची झाडं दबा धरायला आडोसा नको म्हणून तोडली गेली. फेब्रुवारी १९८९मध्ये फौजा परतल्या तोपर्यंत पन्नास लाखांहून जास्त माणसं पाकिस्तान आणि इराणमध्ये निर्वासित झाली होती. बॉम्बनं जेवढ्या बागा मारल्या, त्याहून जास्त या रिकाम्या गावांनी मारल्या असं मला वाटतं. खोरं धरणारे हातच निघून गेले. हाक द्यायला मिराब उरला तरी यायला माणूस नव्हता.

त्यानंतर आपसातली लढाई. १९९२ ते १९९६ या काळात काबूल शहर गटागटांत वाटलं गेलं आणि बाबराची बाग नेमकी दोन गटांच्या मधे सापडली. बाबर १५३० साली आग्ऱ्यात गेला, पण त्याला मातीची ओढ काबूलची. पुढं काही वर्षांनी त्याला तिथं नेऊन याच बागेत पुरलं. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी ही साधारण ११ हेक्टरची बाग. लढाईच्या त्या चार वर्षांत झाडं सरपणाला गेली, पाण्याचे पंप चोरीला गेले आणि जमिनीत सुरुंग पेरले गेले.

काबूलच्या उत्तरेचं शोमाली मैदान द्राक्षांसाठी प्रसिद्ध होतं. १९९९मध्ये तालिबाननं तिथं घरं जाळली, वेली आणि फळझाडं तोडली, पाण्याच्या वाटा बुजवल्या. एवढंच लिहून पुढं जातो. पंढरपूरकडच्या कुणी द्राक्षबागेवर कोयता चालताना डोळ्यांसमोर आणून बघावं.

वर १९९८पासून सलग काही वर्षं दुष्काळ. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं देशाची पाहणी प्रसिद्ध केली. नंगरहार, कुनार आणि नूरिस्तान या पूर्वेकडच्या प्रांतांत १९७०च्या दशकाच्या तुलनेत निम्म्याहून जास्त जंगल उडालेलं होतं. बादघीस आणि तखारमधलं पिस्त्याचं रान उपग्रहाच्या चित्रात जवळपास दिसेनासं झालं होतं. कारणं सगळीच लढाईची नव्हती. थंडीत पेटवायला दुसरं काही नव्हतं, इमारती लाकूड चोरट्या वाटेनं पाकिस्तानात विकलं जात होतं, आणि आज आपण नाही तोडलं तर उद्या दुसरा तोडणारच, हा हिशेब होता. ज्या देशात उद्याचा भरवसा नाही तिथं तो हिशेब चुकीचाही म्हणता येत नाही.

परत हिरवं करायचं काम सुरू झालं ते सुरुंगांपासून. झाडासाठी खड्डा घ्यायचा तर आधी खाली काय आहे ते चाचपावं लागतं. बाबराच्या बागेतही तेच झालं. सुरुंग काढल्यावर आगा खान यांच्या सांस्कृतिक न्यासानं काम हाती घेतलं आणि २००८पर्यंत बाग पुन्हा उभी केली. भोवतीच्या भिंती ओल्या मातीचे थर हातानं एकावर एक चढवून, जुन्या पद्धतीनंच बांधल्या. मधून उतरणारा पाण्याचा पाट पुन्हा चालू केला. चिनार, अक्रोड, तुती, जर्दाळू आणि वसंतात जांभळ्या फुलांनी भरणारा अर्गवान अशी हजारो झाडं लावली. काबूलची माणसं शुक्रवारी सतरंज्या आणि चहाची किटली घेऊन तिथं येऊ लागली. २००३मध्ये सरकारनं 'अफगाण संवर्धन दल' काढलं. लढाई संपल्यावर बेकार झालेल्या आणि गरीब माणसांना मजुरी देऊन रोपवाटिका आणि लागवडीची कामं करून घ्यायची, ही कल्पना. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांच्या आईवडिलांनी खडी फोडली त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एका डॉक्टरचं काम.

तेत्सु नाकामुरा हे जपानमधल्या फुकुओकाचे. १९८४ साली ते पेशावरला कुष्ठरोग्यांवर उपचार करायला आले, पुढं सीमेपलीकडं अफगाण खेड्यांत दवाखाने उघडले. कुष्ठरोगापासून सुरुवात करून जमिनीकडं वळलेला माणूस म्हटला की आपल्याला आनंदवन आठवतं, आणि ते बरोबरच आहे. २००० सालच्या दुष्काळात त्यांच्या दवाखान्यात जुलाबानं सुकलेली मुलं यायला लागली. खराब पाण्यानं आजारी पडायचं, औषध घ्यायचं, परत जाऊन तेच पाणी प्यायचं. डॉक्टरांनी विहिरी खणायला घेतल्या; सोळाशेच्या आसपास विहिरी झाल्या. पण भूजलच खाली चाललेलं, विहिरीनं पिण्याचं भागेल, शेत कसं भिजणार? मग २००३मध्ये कुनार नदीवरून कालवा काढायचं ठरलं. नाव ठेवलं मारवारीद, म्हणजे मोती. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हा माणूस इंजिनिअर नव्हता. त्यानं आपल्या मुलखातला अठराव्या शतकातला यामादा बंधारा पाहिला: नदीत तिरपे रचलेले दगड, पाणी अडवायचं नाही, नुसतं वळवायचं. तेच त्यानं कुनारवर केलं. कालव्याच्या काठांना सिमेंटच्या भिंतीऐवजी तारेच्या जाळीत दगड भरून थर लावले. आपल्याकडं मृदसंधारणाच्या कामात गॅबियन बंधारे घालतात, तीच तऱ्हा. या जाळ्यांच्या मागं वाळुंजासारख्या विलोच्या फांद्या ओळीनं टोचल्या. फांदी पाणी बघून मूळ धरते, मुळं दगडांच्या सांदीत शिरतात. तार गंजून तुटेपर्यंत काठ मुळांनी बांधलेला असतो. सिमेंट का नाही? तर ते फुटलं की ठेकेदार लागतो. दगड रचणं अफगाण खेडुताला लहानपणापासून येतं. काठ ढासळला तर तो स्वतः चढवणार. कारेझ आणि हशर ज्या समाजानं शेकडो वर्षं चालवलं, त्याच्या हातात त्याचंच काम परत देण्यासारखं होतं हे.

खणायला आलेल्यांत पाकिस्तानातून परतलेले निर्वासित होते, आणि काल एकमेकांवर बंदूक रोखणारे दोन्ही बाजूंचे लढवय्येही. सुमारे २५ किलोमीटरचा कालवा २०१०च्या सुमारास गंबेरीच्या वाळवंटाला पोचला. आज तिथं गहू आहे, संत्र्याच्या बागा आहेत. त्यांच्या संस्थेच्या सगळ्या कालव्यांखाली मिळून १६ हजार हेक्टरच्या वर, म्हणजे जवळपास ४० हजार एकर जमीन भिजते. लोक त्यांना काका मुराद म्हणायचे. ज्या सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर तळं खणण्यासाठी आठवलं जातं, तिथं या कामाची किंमत सांगायला नको.

४ डिसेंबर २०१९ रोजी जलालाबादेत नाकामुरांवर गोळ्या झाडण्यात आल्या, त्यात ते गेले. इथं सोलापुरात भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घराची आठवण होते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपाननं लादलेल्या युद्धातल्या जखमींसाठी, आणि ९ डिसेंबर १९४२ला तिकडंच गेले. वय अवघं ३२.

दक्षिणेत, कंदाहारकडं मात्र उलट चाललं होतं. २०१०मध्ये अर्गंदाबच्या खोऱ्यात घराघरांत आणि बागांत पेरलेल्या स्फोटकांमुळं अमेरिकी फौजेनं काही वस्त्या बागांसकट जमीनदोस्त केल्या. बेदाणा वाळवायच्या कोठ्यासुद्धा सुटल्या नाहीत. जाड मातीच्या भिंती आणि वाऱ्यासाठी ठेवलेल्या अरुंद फटी. आपल्या बेदाणा शेडचाच तो भाऊबंद. त्या फटींतून बंदूक लावायला सोयीचं जायचं. जिथं बागा उरल्या तिथं कारेझच्या जागी बोअर आणि नंतर सोलर पंप आले. पाणी हवं तेव्हा मिळू लागलं आणि पातळी दरवर्षी खाली जाऊ लागली. सांगोला-मंगळवेढ्यात सहाशे फुटांखाली बोअर कोरडं गेलेल्या माणसाला ही गोष्ट युद्धाशिवायही माहीत आहे.

मध्यंतरी चांगलंही घडलं. २००९ साली बामियानजवळची बंद-ए-अमीरची निळी सरोवरं देशाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाली, पुढं तिथं स्त्रियाही वनरक्षक म्हणून लागल्या. ऑगस्ट २०२३मध्ये तालिबाननं त्याच उद्यानात स्त्रियांना फिरायला यायचीच बंदी केली. परदेशी पैशावरचे बहुतेक प्रकल्प २०२१ नंतर थंडावले. उलट नव्या राजवटीनं मार्च २०२२मध्ये उत्तरेत अमू दर्यावरून कोश तेपा हा २८५ किलोमीटरचा कालवा स्वतःच्या हिमतीवर खणायला घेतला. खालच्या अंगाचे उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान पाण्याच्या काळजीत आहेत. शिवाय तो वाळूतून, अस्तर न घालता खणलेला. पाझरून किती जाणार आणि शेतात किती पोचणार हे कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, शेत असलेल्या कुणालाही विचारावं.

काबूलमध्ये कलावंतांनी एका भिंतीवर नाकामुरांचं चित्र काढलं होतं. २०२१मध्ये सत्ता आल्या आल्या तालिबाननं त्यावर रंग फासून विजयाची घोषणा लिहिली. ऑक्टोबर २०२२मध्ये त्याच राजवटीनं जलालाबादेत नाकामुरांच्या नावानं चौक उघडला, त्यांच्या मोठ्या छायाचित्रासह.

सांगोल्याच्या त्या बागायतदारांना पुढं एकदा हे सगळं सांगितलं. गॅबियनपाशी त्यांनी मान डोलावली, चौकाच्या गोष्टीत फारसा रस दाखवला नाही. मग विचारलं, "आणि कालव्यातला गाळ कोण काढतं?"

"गावकरीच. ज्याला पाणी तो येतो खोरं घेऊन."

"टेलवालेपण?"