फोझामी (फसवे शब्दमित्र)

इंग्रजी व फ्रेंच भाषांतील, दिसायला सारखे पण अर्थाने भिन्न असे शब्द. या फ्रेंच संज्ञेचा अर्थ 'खोटे मित्र'. माक्सीम केस्लेर आणि झ्यूल देरोकिन्यी यांच्या १९२८ च्या फ्रेंच ग्रंथापासून ती रूढ झाली, असे सामान्यतः मानतात.

संज्ञेच्या व्याप्तीबद्दल मतभेद आहेत. इंग्रजी 'पेन' (वेदना) आणि फ्रेंच 'पँ' (पाव) यांची रोमन लिपीतील चारही अक्षरे (pain) तीच. पण पहिल्याचे मूळ दंडवाचक लॅटिन शब्दात, तर दुसऱ्याचे भाकरीवाचक शब्दात आहे. अशा योगायोगाच्या जोड्याही काहीजण फोझामीतच धरतात. मात्र त्या वाक्यात लगेच उघड्या पडतात. भाषांतरकाराला खरा दगा सगोत्र, म्हणजे एकाच मुळाचे शब्दच देतात, म्हणून संज्ञा त्यांच्यापुरती ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते.

१०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधील नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, विशेषतः तेराव्या-चौदाव्या शतकांत, फ्रेंच शब्द मोठ्या संख्येने इंग्रजीत आले. इंग्रजीने त्यांचे अर्थ बिघडवले, हा समज मात्र एकांगी आहे. फ्रेंच 'लिब्रेरी' म्हणजे आज पुस्तकांचे दुकान, आणि इंग्रजी 'लायब्ररी' म्हणजे ग्रंथालय. पण चौदाव्या शतकातील फ्रान्सचा राजा पाचवा शार्ल याचा पॅरिसच्या लूव्हर राजवाड्यातील ग्रंथसंग्रह 'लिब्रेरी'च म्हणवला जाई. सोळाव्या शतकात फ्रेंच निबंधकार मोंतेन्यही आपल्या ग्रंथसंग्रहाला हाच शब्द वापरतो. ग्रंथालयासाठी 'बिब्लियोतेक' स्थिरावला तो नंतर. येथे जुना अर्थ इंग्रजीनेच जपला आहे.

संख्यावाचक शब्दांत घोटाळा अधिक गंभीर ठरतो. १९६१ च्या शासकीय आदेशानुसार फ्रेंच 'बिलियों' म्हणजे एक लाख कोटी. अब्जाला 'मिल्यार' म्हणतात. त्यापूर्वीच्या फ्रेंच लेखनात 'बिलियों' अब्जासाठीही येतो. ब्रिटिश शासनाने 'बिलियन'चा अब्ज हा अर्थ १९७४ मध्ये स्वीकारला. तोपर्यंत तेथे तो सहसा लाख कोटींचा वाचक होता. त्यामुळे आकडा उतरवण्याआधी मजकुराचे साल पाहावेच लागते.

अर्थ अंशतः जुळणारे शब्द सर्वांत घातक. 'काँत्रोल' मूळचा प्रतिनोंदवही, म्हणजे पडताळ्यासाठी ठेवलेली दुसरी वही. फ्रेंचमध्ये तपासणीचा अर्थ ठळक राहिला, इंग्रजीत नियंत्रणाचा. 'एव्हाँत्युएलमाँ' म्हणजे कदाचित, प्रसंग आल्यास. इंग्रजी 'इव्हेंच्युअली' म्हणजे अखेरीस. 'योजना एव्हाँत्युएलमाँ सोडली जाईल' या वाक्यात केवळ शक्यता आहे. इंग्रजी वळणाने वाचल्यास तो निश्चित शेवट होतो. 'आक्त्युएलमाँ' (सध्या) आणि 'अ‍ॅक्च्युअली' (प्रत्यक्षात) यांचेही असेच.

काही भेद आता पुसट होत आहेत. 'रेआलिझे' म्हणजे प्रत्यक्षात आणणे; इंग्रजी प्रभावाने त्याला 'उमगणे' हा अर्थही चिकटला. शुद्धतावाद्यांचा त्याला आक्षेप असला, तरी आधुनिक फ्रेंच कोश तो अर्थ नोंदवतात.