अंतर्गत तक्रार समिती आणि कंपनीची जबाबदारी

अंतर्गत तक्रार समिती म्हणजे ऑफिस, कारखाना, कॉलेज, हॉस्पिटल, जिथे कुठे १० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे मालकानं कायद्यानं नेमायचीच अशी समिती. कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ झाल्याची तक्रार आली की ती ऐकायची, चौकशी करायची आणि पुढे काय करायचं ते मालकाला सांगायचं, हे तिचं काम. कायदा २०१३ चा, बोलताना सगळे 'पॉश'च म्हणतात (लैंगिक छळ प्रतिबंध याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप), आणि सरकारी ऑफिसांत, कॉलेजांत बऱ्याच ठिकाणी बोर्डावर अजून 'विशाखा समिती' असंच लिहिलेलं असतं. यातली कलमं वाचून समजतात, खरी मेख दुसरीकडे आहे. समिती कंपनीची, मीटिंगची खोली कंपनीची, सदस्यांचं अप्रेझल कंपनीच्या हातात, ज्याच्यावर तक्रार आहे तो माणूसही कंपनीचाच आणि बऱ्याचदा चांगला धंदा आणून देणारा, मग कंपनीला जाब कुणी विचारायचा?

सुरुवात राजस्थानातली. भटेरी गावच्या भंवरी देवी राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' (गावपातळीवरची कार्यकर्ती) म्हणून काम करायच्या, आणि बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला म्हणून सप्टेंबर १९९२ मधे त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मधे खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. हे सगळं त्यांच्यावर आलं ते कामामुळेच, कामही सरकारचंच, पण नोकरीपायी बाईवर असा प्रसंग आला तर मालकाला जबाबदार धरणारा कायदाच तेव्हा देशात नव्हता. मग 'विशाखा' आणि इतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, सोबत न्या. सुजाता मनोहर (मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश) आणि न्या. बी. एन. किरपाल. कोर्टानं म्हटलं की संसद कायदा करेपर्यंत आम्ही घालून देतो तीच मार्गदर्शक तत्त्वं कायदा समजा. छळ झाला तर तो समानतेच्या, जगण्याच्या आणि व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला आहे, आणि तो होऊ न देणं हे मालकाचं काम आहे, असा त्याचा गाभा.

संसदेला कायदा करायला १६ वर्षं लागली. मधल्या काळात समित्या बहुतेक कागदावर, तक्रार केली तर बाईचीच बदली. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहून हेच कळवलं, कोर्टानं पत्रालाच याचिका मानलं, आणि २०१२ च्या निकालात राज्यांना आणि संस्थांना तत्त्वं नीट पाळायला खडसावलं. अखेर एप्रिल २०१३ मधे कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला.

आता यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर जी वर्मा समिती नेमली तिचे अध्यक्ष तेच, विशाखावाले जे. एस. वर्मा. जानेवारी २०१३ च्या अहवालात त्यांच्या समितीनं स्पष्ट लिहिलं की ऑफिसच्या आतच समिती नेमली तर बाई तक्रार करायला कचरेल, त्यापेक्षा वेगळं, स्वतंत्र रोजगार न्यायाधिकरण करा. म्हणजे ज्या माणसाच्या निकालातून ही समिती आली तोच पंधराएक वर्षांनी म्हणतोय की हे घराबाहेर न्या. संसदेनं ते घेतलं नाही, विधेयक आधीच पुढे सरकलेलं होतं. माझ्या मते पॉशची निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात.

कायद्यात रचना अशी आहे की अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, किमान २ कर्मचारी सदस्य, १ सदस्य बाहेरचा (स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला) आणि एकूण सदस्यांत निदान निम्म्या बायका. तक्रार प्रसंगानंतर ३ महिन्यांत द्यायची, कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत, मग १० दिवसांत अहवाल आणि मालकानं ६० दिवसांत कारवाई. चौकशी चालू असताना बाईला ३ महिन्यांपर्यंत जादा रजा किंवा दोघांपैकी एकाची बदली मागता येते. बाईची इच्छा असेल तर समेट होतो पण पैसे देऊन मिटवामिटवी चालत नाही. 'कामाची जागा' या शब्दात कंपनीची कॅब, क्लायंटचं ऑफिस, ऑफसाईटचं रिसॉर्ट, कामासाठी जिथे जिथे जावं लागतं ते सगळं येतं, त्यामुळे 'ती पार्टी होती, ऑफिस थोडंच' हे चालत नाही.

आता हेच प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघा. लिफ्टजवळ नोटीस बोर्ड, त्यावर समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन, त्यातल्या एक मॅडम कधीच्याच दुसऱ्या कंपनीत गेलेल्या. वर्षातून एकदा ऑनलाईन ट्रेनिंग, नेक्स्ट नेक्स्ट करत शेवटची क्विझ पास केली की सर्टिफिकेट, ऑडिटला तेवढं पुरतं. आणि तक्रार आलीच तर जबाब घेतात कुठे, मजल्याच्या मधोमध काचेच्या मीटिंग रूममधे. गोपनीयतेसाठी कायद्यात आख्खं कलम १६ आहे, पण आत कोण बसलंय, कुणाच्या हातात टिश्यू आहे, बाहेर एचआरवाले फाईल घेऊन कसे उभे आहेत हे पन्नास जण डेस्कवरून बघतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोभाटा झालेला असतो. मग सुरू होतं, 'अगं तो तसाच आहे, मनावर घेऊ नकोस', 'त्याला मुलंबाळं आहेत', 'तुझंच अप्रेझल तोंडावर आलंय'. समितीतल्या कर्मचारी सदस्यांचीही गोची असतेच. उद्या ज्या साहेबाच्या सहीनं प्रमोशन मिळायचं त्याच साहेबाची उलटतपासणी करायची, कुंपणानं शेत खाल्लं तर राखणदारानं बोलायचं कुणाकडे?

पण कंपनी दोन्ही बाजूंनी चुकू शकते, हे गोव्याच्या प्रकरणात दिसलं. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला विद्यार्थिनींच्या तक्रारींवरून काढून टाकलं होतं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मे २०२३ मधे कोर्टानं म्हटलं की चौकशी घाईघाईत उरकली, बाजू मांडायला पुरेसा वेळच दिला नाही, निकाल रद्द, पुन्हा चौकशी करा. घाईचा फटका तक्रारदार मुलींनाही बसतोच, सगळं पुन्हा पहिल्यापासून. कायदा येऊन दहा वर्षं होत आली तरी ही अवस्था आहे हे खेदजनक आहे असं कोर्टानं त्याच निकालात लिहिलं, ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ जणांनी समितीच केलेली नाही या बातमीचा दाखला दिला, आणि देशभर समित्या तपासायला सांगितल्या.

मुदतीचा प्रश्नही असाच नाजूक. साहेबाच्या हातात नोकरी असताना बाई ३ महिन्यांत बोलेल ही अपेक्षाच जरा ऑफिसबाहेरच्या माणसानं केल्यासारखी वाटते. सप्टेंबर २०२५ मधे कोलकात्याच्या विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंवरची तक्रार मुदतीबाहेर म्हणून सुप्रीम कोर्टातही टिकली नाही, पण कोर्टानं सांगितलं की चूक माफ होईल, विसरली जाऊ नये, आणि हा निकाल त्यांच्या बायोडेटाचा भाग राहील. कायद्याचं दार बंद झालं तरी नैतिक जबाबदारी संपत नाही, हे कोर्टानं इतक्या उघडपणे क्वचितच म्हटलं असेल.

बायोडेटावरून आठवलं, कंपन्यांचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे राजीनामा घ्यायचा. नोटीस पिरियड माफ, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ, 'वैयक्तिक कारणास्तव' असा मेल, आणि अळीमिळी गुपचिळी. पुढच्या कंपनीला काहीच कळत नाही, तिथल्या मुलींना तर नाहीच. ऑक्टोबर २०१८ मधे बातमी आली की गूगलनं एका मोठ्या अधिकाऱ्याला आरोपानंतर निरोप देताना ९ कोटी डॉलरचं पॅकेज दिलं (त्यानं आरोप नाकारले), आणि १ नोव्हेंबरला जगभरातले सुमारे २०,००० कर्मचारी कामं सोडून रस्त्यावर आले. त्यानंतर कंपनीनं लैंगिक छळाच्या तक्रारी सक्तीनं खासगी लवादाकडे नेण्याची अट काढली, आणि २०२२ मधे अमेरिकेनं तसा कायदाच केला.

पैशाचा हिशोबही बघण्यासारखा. २००३ मधे इन्फोसिसनं अमेरिकेतला एका माजी महिला कर्मचाऱ्याचा लैंगिक छळाचा दावा ३० लाख डॉलर देऊन मिटवला. आपल्याकडे समितीच न नेमणाऱ्या मालकाला दंड किती, तर ५०,००० रुपयांपर्यंत. दुसऱ्यांदा सापडला तर दुप्पट आणि लायसन्स रद्द होऊ शकतं, पण पहिल्यांदाच कोण तपासायला येतं. एवढ्या पैशात बऱ्याच कंपन्यांची एक ऑफसाईटही होत नाही.

म्हणून आता जोर आहे तो उघड करण्यावर. २०१८ पासून कंपनीच्या संचालकांच्या अहवालात समिती नेमल्याचं लिहावं लागतं, त्यामुळे सगळ्यांच्या अहवालात तेच एक छापील वाक्य आलं. जुलै २०२५ पासून किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती ९० दिवसांपेक्षा जास्त रखडल्या हेही द्यावं लागतं. यात एक गंमत आहे. हजारो माणसांच्या कंपनीत तक्रारी शून्य असतील तर ते चांगलं लक्षण की कुणाचा विश्वासच नाही? मला तरी आकडा असलेली कंपनी जास्त खरी वाटते, पण मॅनेजमेंटला शून्य आवडतो, आणि शून्य आवडणाऱ्या ठिकाणी तक्रार घ्यायलाच टाळाटाळ होते. 'खोट्या तक्रारी'चा बाऊ पण खूप होतो. कायद्यात मुद्दाम द्वेषानं केलेल्या तक्रारीवर कारवाई आहे, पण पुरावा देता आला नाही म्हणजे तक्रार खोटी, असं धरता येत नाही हेही त्याच कलमात लिहिलंय, ते कुणी वाचून दाखवत नाही.

पॉश कायदा फक्त बायकांच्या तक्रारींसाठी आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी मात्र कॉलेजांत पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही त्यात घेतलंय.

१० पेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती, जी जिल्हा अधिकाऱ्यानं नेमायची. घरकामाच्या मावशींची तक्रारही तिथेच, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीनं ती ७ दिवसांत पोलिसांकडे पाठवायची. कागदावर छान आहे, फक्त चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना कलेक्टर ऑफिसात अशी समिती बसते हे सांगणार कोण? डिसेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टाला पुन्हा आदेश द्यावा लागला की सगळ्या जिल्ह्यांत हे अधिकारी ३१ डिसेंबरपर्यंत नेमा, म्हणजे कायदा लागू होऊन ११ वर्षं झाल्यावर.