खानदेशातील कारखानदारी आणि तिचा कामगार : पार्श्वभूमी

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडातील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना तिकडून मिळणारा कापूस आटला, तेव्हा मुंबई इलाख्यातील ज्या जिल्ह्यांकडे व्यापाऱ्यांची नजर वळली त्यांत खानदेश होता. तापी आणि गिरणेच्या काठच्या काळ्या जमिनीत कपाशी पूर्वीपासून पिकत होतीच. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा पुढे सरकला आणि एरवी बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून जाणारा माल रुळांवरून थेट मुंबई बंदरात पोहोचू लागला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि तेजीवर उभे राहिलेले अनेक व्यापारी बुडाले. मात्र रेल्वे, कापसाची पेठ आणि नगदी पिकाची सवय मागे उरली. कपाशी इथली, सूत आणि विणकाम इंग्लंडातले, आणि तयार कापड पुन्हा इथल्याच बाजारात, अशी ही व्यवस्था होती. कच्चा माल विकून पक्का माल विकत घेणाऱ्या देशाकडून केवळ पैसाच बाहेर जातो असे नाही, तर कारागिरी शिकण्याची संधीही जाते, हे न्यायमूर्ती रानडे यांच्या आर्थिक विचाराचे एक मुख्य सूत्र होते, आणि त्यासाठी खानदेशाहून सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे.

ही व्यवस्था मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८७०च्या दशकात जळगावात झाला. मुंबईच्या मूळजी जेठा पेढीने तेथे खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभारली. तिच्या जोडीला, आणि संख्येने तिच्याहून कितीतरी अधिक, सरकी काढणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस जिल्हाभर उभे राहिले. खानदेशच्या औद्योगिक इतिहासात गिरणीचे नाव मोठे झाले, परंतु कामगाराचा इतिहास शोधायचा तर या जिनांकडेच पाहावे लागते.

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये झाला. तो फक्त १०० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या कारखान्यांना लागू होता आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी काळ चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. कपाशीचा हंगाम जेमतेम तेवढाच, त्यामुळे खानदेशातील बहुतेक जिन कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्याचा परिणाम काय झाला हे मुंबई सरकारने १८८४ मध्ये नेमलेल्या कारखाना आयोगापुढे उघड झाले. खानदेशातील एका कारखाना व्यवस्थापकाने स्वतःच साक्ष दिली की एरवीही काम पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालते, आणि मार्च-एप्रिलमध्ये हंगाम जोरात असताना जिन व प्रेस रात्रंदिवस चालू राहतात. तीच माणसे संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीवर सलग आठ-आठ दिवस काम करतात, आणि जिनांवर कपाशी घालणाऱ्या सगळ्या बायका असतात. ही तक्रार कोणा कामगाराने केलेली नव्हती. धंद्याची रीत म्हणून मालकपक्षानेच ती सांगितली होती. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टी आणि कामाच्या तासांवर मर्यादा यांची मागणी पुढे आणली. खानदेशातील जिनांत मात्र बाया हंगामापुरत्या येत आणि हंगाम सरला की पांगत, त्यामुळे तिथे अशी संघटना उभी राहणे अवघड होते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. त्या काळातील राष्ट्रवादी वृत्तपत्रांपैकी बहुतेकांनी कारखाना कायद्यांना विरोध केला. त्यांचा संशय निराधार नव्हता, कारण हिंदी गिरण्यांच्या स्पर्धेने हैराण झालेले लँकेशायरचे कारखानदारच या कायद्यासाठी पार्लमेंटमध्ये जोर लावत होते. त्यांचा जोर किती चालतो हे पुढे १८९६ मध्ये दिसलेच : परदेशी कापडावरील आयात कर साडेतीन टक्क्यांवर आणून तेवढाच उत्पादन कर हिंदी गिरण्यांच्या कापडावर बसवण्यात आला, आणि तो रद्द व्हायला १९२६ साल उजाडले. परंतु लँकेशायरचा डाव ओळखताना जिनातल्या बाईचे तास कोणी मोजले नाहीत. देशी उद्योगाचा अभिमान आणि त्यातल्या मजुराची काळजी या दोन गोष्टी आपल्याकडे सुरुवातीपासूनच वेगळ्या वाटांनी चालल्या, असे माझे मत आहे. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुट्टी आणली, तर हंगामी कारखाने स्पष्टपणे कायद्याखाली आले ते १९११ मध्ये.

दरम्यान बंगालच्या फाळणीनंतर १९०५ पासून स्वदेशीची लाट उसळली आणि गिरणीच्या धोतराला मागणी आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच अमळनेरला प्रतापशेठ यांनी प्रताप मिल उभारली. पुढे धुळे आणि चाळीसगाव येथेही गिरण्या झाल्या. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर, प्रताप हायस्कूल आणि प्रताप महाविद्यालय यांमागे याच कापडाचा पैसा आहे. प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली शिक्षक म्हणून आलेले साने गुरुजी पुढे शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या चळवळीत ओढले गेले, हेही त्याच गावात घडले.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन पूर्व खानदेशातील फैजपूरला झाले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यंत्रोद्योगाचे पुरस्कर्ते, आणि गांधीजींचे लक्ष तेथील खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनावर. देशाने कारखाने काढावेत की घरोघर चरखा चालवावा, या वादाच्या दोन्ही बाजू एकाच मंडपाखाली आल्या होत्या. नंदलाल बोस यांनी गावच्याच साहित्यातून सजवलेले ते नगर आजही कौतुकाने आठवले जाते. वाद मात्र तिथे मिटला नाही.

स्वातंत्र्याच्या आसपास खानदेशातील उद्योगाचे स्वरूप बदलू लागले. २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीने अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. हीच पुढची विप्रो. भुसावळला १९४९ मध्ये आणि चीनच्या युद्धानंतर १९६४ मध्ये वरणगावला आयुध निर्माणी सुरू झाली. या दोन निर्माण्यांनी भागाला कायम नोकरी, वसाहत, भविष्यनिर्वाह निधी आणि मान्यताप्राप्त संघटना म्हणजे काय हे दाखवून दिले. देशाला संकटकाळी लागणारी काडतुसे बाहेरून मागवावी लागू नयेत, हा त्यामागचा हेतू उघड होता, आणि ती बनवणाऱ्या हातांची किंमतही सरकारने इथे मोजली.

कापड गिरण्यांचे तसे झाले नाही. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि अडकलेले भांडवल यांमुळे त्या आजारी पडल्या. धुळे आणि चाळीसगावच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, तरी अखेर भोंगे थांबलेच. त्याच काळात जळगावात डाळ मिल, तेल गाळणी, प्लास्टिकच्या चटया आणि पाइप यांचे कारखाने वाढले. १९६३ मध्ये रॉकेलच्या किरकोळ विक्रीपासून सुरुवात करणारे भवरलाल जैन १९७८ मध्ये पपईपासून पपेन हे विकर (एन्झाइम) काढू लागले आणि पुढे पाइप व ठिबक सिंचनाच्या साहित्यापर्यंत पोहोचले. शेतमालावर जिल्ह्यातच प्रक्रिया व्हावी आणि शेतीला लागणारी वस्तूही जिल्ह्यातच तयार व्हावी, ही १८६०च्या दशकातील व्यवस्थेच्या नेमकी उलटी दिशा होती.

अलीकडच्या दोन निर्णयांचा उल्लेख इथे आवश्यक आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे गेली. त्याआधी संघटनांनी संपाची नोटीस दिली होती, तेव्हा संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालता येईल असा कायदा २०२१ मध्येच करण्यात आला. दुसरा निर्णय कारखाना कशाला म्हणावे याविषयीचा आहे. १८८१ मध्ये त्यासाठी १०० माणसे लागत, १८९१ मध्ये ५०, आणि १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी ही संख्या १० वर आणली. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत ती पुन्हा २० झाली आहे. जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींतील ज्या डाळ मिल आणि चटईच्या शेडमध्ये १० ते १९ माणसे राबतात, त्यांचा प्रश्न याच्याशी थेट जोडलेला आहे.