महिन्याला दहा किलो? आधी हिशेब मांडू

चवथ (गणेशचतुर्थी) दीड-दोन महिन्यांवर आली की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात: ३० दिवसांत १० किलो, व्यायाम नको, उपास नको. ही जाहिरात खोटी की खरी यावर वाद घालण्यापेक्षा कागद-पेन्सिल घेतलेली बरी.

समजा गोव्यात फोंड्याला राहणारी एक बाई आहे. वय ४२, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७२ किलो, काम बसून. अशा शरीराला स्वस्थ पडून राहायलाच दिवसाला सुमारे १,३०० कॅलरी लागतात. घरकाम, ऑफिस, बाजारहाट धरला तर हा आकडा १,८५० च्या आसपास जातो. (इथे कॅलरी म्हणजे पाकिटावर लिहिलेली असते तीच, किलोकॅलरी.) शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. म्हणजे १० किलो चरबी ३० दिवसांत जाळायची तर रोज २,५६७ कॅलरींची तूट हवी. पण बाईंचा रोजचा एकूण खर्चच १,८५० आहे! महिनाभर तोंडात पाण्याखेरीज काही घातले नाही, तरीसुद्धा ही वजाबाकी जुळत नाही.

मग काहींचे वजन काट्यावर खरेच सात-आठ किलोंनी उतरलेले दिसते, ते कसे? उतरते, पण ती सगळी चरबी नसते. त्यात पाणी असते आणि स्नायू असतात. एक किलो चरबी जाळायला ७,७०० कॅलरींची तूट लागते, तर एक किलो स्नायू जेमतेम १,८०० कॅलरींत निघून जातो. काटा बिचारा दोन्हींना किलोच म्हणतो.

पाण्याचे गणित समजून घेतले तर निम्मी निराशा टळेल. भात-पाव खाल्ल्यावर त्यातली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास, स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणे कमी केले की हा साठा पहिल्याच आठवड्यात रिकामा होऊ लागतो आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. पहिल्या आठ दिवसांत दीड-दोन किलो कमी झाले म्हणून माणूस हरखतो ते यामुळे. दुसऱ्या आठवड्यात तीनशे ग्रॅमच उतरले म्हणून डाएट बिघडला असे समजतो, तेही यामुळेच. खरे तर चरबी दोन्ही आठवड्यांत जवळपास सारखीच गेलेली असते.

मीठही असेच फसवते. शरीर दर ९ ग्रॅम मिठामागे साधारण लिटरभर पाणी राखते, मूत्रपिंडे ते मीठ बाहेर टाकेपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींवर मासेमारीबंदी असते. त्या काळात ताटात ताजी मासळी कमी आणि सुकटाची किस्मूर, भाजलेला खारा बांगडा, खाऱ्या पाण्यातले तोर (कैऱ्या) जास्त. दुपारी असे जेवलात तर दुसऱ्या सकाळी काटा अर्धा किलो वर दाखवणारच, आणि दोन-तीन दिवसांत परत खाली येणार. बायकांना मासिक पाळीआधी एखादा किलो वाढलेला दिसतो, तोही पाण्याचाच.

म्हणून वजन रोज करावे आणि कुठल्याही एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नये. सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर आणि त्याच फरशीवर. काटा चटईवर ठेवला तर आकडा हमखास चुकतो. बाईंच्या दोन आठवड्यांच्या नोंदी अशा असू शकतात. पहिला आठवडा, सोमवार ते रविवार: ७१.६, ७१.९, ७१.४, ७१.२, ७१.५, ७१.०, ७१.३. दुसरा आठवडा: ७२.०, ७१.६, ७१.२, ७०.९, ७०.७, ७०.८, ७०.६. दर सोमवारीच वजन करायची सवय असती, तर त्यांना ४०० ग्रॅम वाढ दिसली असती (मधल्या रविवारच्या किस्मुरीची ती कृपा) आणि मंगळवारपासून डाएट बंद. सात दिवसांची सरासरी मात्र ७१.४ वरून ७१.१ वर आलेली आहे. घट ३०० ग्रॅम, म्हणजे गाडी अगदी व्यवस्थित चाललेली.

आता खरा वेग. आठवड्याला अर्धा ते एक किलो, हा जगभरच्या डॉक्टरांचा नेहमीचा सल्ला आहे. त्यातले 'एक किलो' हे शंभर-सव्वाशे किलोंच्या माणसासाठी ठीक. ७२ किलोंच्या बाईने तो आकडा डोक्यात ठेवू नये. तिने रोज ५०० कॅलरींची तूट साधली तर आठवड्याचे ३,५०० होतात, त्याला ७,७०० ने भागले की साडेचारशे ग्रॅम. तूट रोज हजाराची करायची म्हटली तर खायला ८५० कॅलरी उरतात, आणि तेवढ्यात प्रथिने, लोह, कॅल्शियम बसवणे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ पाठीशी असल्याशिवाय जमत नाही.

५०० कॅलरी म्हणजे ताटातले नेमके काय? संध्याकाळच्या चहाबरोबरचा तळलेला बन, दीड-दोनशे. रात्रीच्या हुमणाबरोबरचा (मासळीच्या आमटीबरोबरचा) दुसरा वाटीभर भात, दोनशेच्या आत-बाहेर. वाटणातले ओले खोबरे माणशी ५० ग्रॅमवरून २५ वर आणले तर ९०-१००. चार चहांतली साखर दोन चमच्यांऐवजी एक, ८०. झाले ५००, आणि ताटात मासळी, भाजी, भात, सोलकढी सगळे आहेच. तळणीत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण कढईतले तेल मोजायचे राहून जाते: एक मोठा चमचा तेल १२० कॅलरी, मग ते खोबरेल असो वा सूर्यफुलाचे. रवा लावलेला बांगडा ते आनंदाने पितो. उकड्या तांदळाला माफी आहे असा आपल्याकडे समज असतो. त्याची साखर रक्तात थोडी सावकाश चढते हे खरे, पण वजनाला वजन घेतले तर कॅलरी पांढऱ्या तांदळाएवढ्याच.

पिण्याचा हिशेब बहुतेक जण लावतच नाहीत. फेणी ४२.८ टक्के अल्कोहोलची धरली तर ६० मिलिलिटरमध्ये सुमारे १४० कॅलरी. साध्या बिअरची मोठी बाटली २७० च्या घरात. उर्राकाच्या (काजूच्या सौम्य दारूच्या) मोसमात दोष उर्राकाइतकाच त्यात ओतलेल्या गोड पेयाचाही असतो. ३०० मिलिलिटरमध्ये तीसेक ग्रॅम साखर, म्हणजे आणखी १२०. शनिवार-रविवारच्या दोन बैठका पाच दिवसांची निम्मी तूट सहज भरून काढतात.

आणि चालणे? मिरामारच्या किनाऱ्यावर ७० किलोंच्या माणसाने ५ किलोमीटर चालले, तर बसून राहण्यापेक्षा जास्तीचे जे खर्च होते ते पावणेदोनशे कॅलरींच्या आसपास. साधारण एक नेवरी (करंजी). चालणे रक्तदाबाला, साखरेला, झोपेला फार चांगले आहे. फक्त वजनाचा सगळा भार त्याच्यावर टाकू नये. घामाबद्दल तर बोलायलाच नको. आपल्या दमट हवेत फुटबॉलचा एक सामना खेळून किलोभर घाम जातो आणि दोन तांबे पाण्यात परत येतो. चरबी जाते ती मुख्यतः श्वासातून: १० किलो चरबी पूर्ण जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. पोटाला प्लास्टिकचा पट्टा बांधून फिरणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

वेग जास्त झाला की काय बिघडते, तेही नीट पाहायला हवे. आठवड्याला दीड किलोच्या वर घट होत राहिली तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. चरबी भराभर विरघळते तेव्हा यकृत जादा कोलेस्टेरॉल पित्तात सोडते. त्यातून आहार जवळजवळ तेलाविना असेल तर पित्ताशय आकुंचनच पावत नाही, पित्त साचून राहते आणि त्याचे स्फटिक बनतात. दुसरा प्रकार केसांचा: उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात, आणि तोवर कारण विसरलेले असते, म्हणून शाम्पू बदलला जातो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना एकदम खाणे तोडले तर साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. रक्तदाबाच्या गोळीचा डोसही वजनाबरोबर कमी करावा लागू शकतो. हे डॉक्टरांना विचारूनच. गरोदरपणात तर वजन उतरवायचा विषयच नको.

स्नायू वाचवायचे तर दोन गोष्टी लागतात: आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने, किलोमागे सुमारे १.२ ग्रॅम. आपल्या बाईंना म्हणजे ७५ ते ८५ ग्रॅम. दोन अंडी १२, दोन जेवणांत मिळून २०० ग्रॅम मासळी ३८-४०, वाटीभर डाळ ७, वाटीभर शिजलेले अळसांदे (चवळी) ११, २०० ग्रॅम दही ७. पुरते. अडचण येते श्रावणात, मासळी बंद झाली की. तेव्हा १०० ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅम, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून २६ ग्रॅम मिळतात. अळमी (अळंबी) मात्र या कामाची नाहीत; ती चवीसाठी आणि खिसा हलका करण्यासाठी.

तीन महिने सरले की घट मंदावते. हे बहुतेकांच्या बाबतीत होते, आणि इथेच सर्वांत जास्त लोक सोडून देतात. लहान शरीराला लागते कमी. बाई ६४ किलोंवर आल्या की त्यांचा रोजचा खर्च १,८५० वरून १,७३० वर येतो, त्यातून शरीर काटकसर म्हणून आणखी पन्नास-शंभर वाचवते. जेवण तेच राहिले, तरी ५०० ची तूट ३०० वर आलेली असते. साडेचारशे ग्रॅमचा आठवडा पावणेतीनशेचा होतो. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांच्या गटाने २०११ मध्ये याचे गणिती प्रारूप मांडले. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की रोजच्या खाण्यातून कायमच्या २२ कॅलरी कमी केल्या तर अखेर एक किलो घटते. त्यातले निम्मे सुमारे वर्षभरात आणि जवळजवळ सगळे तीन वर्षांत. ७,७०० चा सरळ भागाकार वर्षानुवर्षे चालवला तर चहातल्या दोन-अडीच चमचे साखरेपायी दहा वर्षांत माणूस वीस किलोंनी उतरायला हवा. तसे कोणी पाहिलेले नाही.

तर बाईंनी सहा महिन्यांत काय अपेक्षा धरावी? पहिल्या महिन्यात अडीच-तीन किलो, त्यातला किलोभर पाणी. पुढचे दोन महिने दीड-पावणेदोन, सहाव्या महिन्यापर्यंत घसरत किलोभर. कागदावर एकूण नऊ. लग्ने, पाहुणे, ताप-खोकला धरून घरात पाच ते सात. चार आठवड्यांच्या सरासरीत काहीच हलले नाही, तरच काही बदलावे, आणि तेही आधी तेल आणि खोबरे आठवडाभर मोजून पाहिल्यानंतर. कारण बहुतेक वेळा चमचा हळूहळू मोठा झालेला असतो.

पाच-सात किलो ऐकायला कमी वाटतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात देशात सर्वाधिक, २६.४ टक्के निघाले, तर देशाचे ११.४. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत (२००२) मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम यांच्या जोरावर सरासरी ५.६ किलो वजन उतरवले, आणि मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. कंबरही मोजत जावी, बेंबीच्या पातळीवर, सकाळीच. बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा. काटा थांबलेला असतानाही टेप कधी कधी सरकते.

'हळू उतरवले तर टिकते, झटपट उतरवले तर परत येते' हे वाक्य आम्हीही वर्षानुवर्षे ऐकत आलो. ते तितकेसे खरे नाही. मेलबर्नमध्ये एका गटाने १२ आठवड्यांत आणि दुसऱ्याने ३६ आठवड्यांत वजन उतरवले. तीन वर्षांनी दोन्ही गटांत गेलेल्या वजनापैकी सत्तरेक टक्के परत आले होते. मात्र झटपट गट देखरेखीखाली, मोजूनमापून दिलेल्या आहारावर होता. वजन परत येणे ठरते ते नंतर काय खाल्ले यावर. वजन उतरवायच्या इंजेक्शनचेही तेच. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन गेले, १०५ किलोंच्या लोकांचे १५ किलो. आठवड्याला भागले तर सव्वादोनशे ग्रॅम! औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले.

राहिली चवथ. पाच दिवस नेवऱ्या, पातोळ्या, मोदक, खतखते झाले की सहाव्या सकाळी काटा दीड किलो वर असतो. ती सगळी चरबी असायला रोजच्या खर्चावर जादा ११,५५० कॅलरी पोटात जायला हव्यात, म्हणजे जेवून वर साधारण ६५ नेवऱ्या. बहुतेकांच्या बाबतीत त्यातली चरबी तीन-चारशे ग्रॅमच असते, बाकी भात, साखर आणि मीठ यांनी धरलेले पाणी. त्या सकाळी उपास धरू नये. नेहमीचे जेवण सुरू करावे, नोंद करत राहावे, आणि सरासरी आठव्या दिवशी काढावी.