पाच रुपयांचं पाकीट आणि बारा वर्षांची जीभ

शिकवणीच्या वर्गाजवळचं कुठलंही किराणा दुकान बघा. दारातच चिप्स-कुरकुऱ्यांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात, पोराटोरांच्या हाताला सहज येतील अशा. शेंगदाणे-फुटाणे आत बरणीत. ते मागावे लागतात, दुकानदार ते तोलून पुडीत बांधतो. पाकीट नुसतं ओढायचं. त्याची किंमत कित्येक वर्षं पाचच रुपये आहे. माल महागला की कंपन्या आतलं वजन घटवतात, पण एका नाण्यात येणारी किंमत सोडत नाहीत. खाऊच्या पैशांचा हिशेब आईबापांपेक्षा त्यांना जास्त कळतो.

आपण मात्र म्हणतो, ‘आमच्या पोराची जीभच तशी.’ त्यात थोडं तथ्य आहे. गोडाची ओढ उपजतच असते. मोठ्यांना मिट्ट लागणारं सरबत मुलांना छान वाटतं आणि ही आवड वयात येता येता ओसरू लागते. शिवाय बाराव्या वर्षाच्या आसपास मेंदूतली ‘हवंच’ म्हणणारी यंत्रणा जोरात असते. ‘थांब’ म्हणणारा पुढचा भाग पक्व व्हायला पंचविशी उजाडते. पण अमुकच मसाल्याचे, तमुकच पाकिटातले वेफर्स हवेत, हे काही कुणी जन्मतः शिकून येत नाही.

शिकवणी घरातच सुरू होते, तीही फार लवकर. अमेरिकेतल्या, चव आणि वासावर संशोधन करणाऱ्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला यांनी काही गर्भवतींना शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस प्यायला दिला. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज खाताना साध्या पेजेपेक्षा कमी तोंडं वाकडी केली; इतर बाळांत असा फरक दिसला नाही. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला.

घरातली दुसरी शिकवण नकळत दिली जाते: ‘भाजी संपव, मग चॉकलेट.’ पोरगं यातून एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. कडक बंदीचंही तेच. लिअॅन बर्च आणि जेनिफर फिशर यांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत, समोर असून खायला न मिळणाऱ्या खाऊकडेच मुलांचं लक्ष जास्त लागलं. ती मुलं बालवाडीच्या वयाची होती. बारा वर्षांच्या मुलाच्या खिशात तर पैसेही असतात. खाऊचा डबा माळ्यावर लपवून बाबा स्वतः रात्री टीव्हीसमोर फरसाण चघळत असतील, तर बोलायलाच नको.

टीव्हीचं निघालंच आहे म्हणून: येल विद्यापीठाच्या २००९ सालच्या प्रयोगात ७ ते ११ वर्षांच्या मुलांना कार्टून दाखवलं. मध्ये खाण्याच्या जाहिराती पाहिलेल्या मुलांनी, इतर जाहिराती पाहिलेल्यांपेक्षा समोरचा खाऊ ४५ टक्के जास्त खाल्ला. जाहिरात दुसऱ्याच पदार्थांची होती, तरीही.

आपल्याकडे २०२० च्या नियमांनुसार शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. हेतू चांगला आहे. पण ५० मीटर म्हणजे मिनिटभराचीही चाल नाही आणि मुलांचा घरापर्यंतचा रस्ता बराच लांब असतो.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने २०१६ पासून पाकिटालाच हात घातला. साखर, मीठ, चरबी प्रमाणाबाहेर असेल तर दर्शनी बाजूला काळा अष्टकोन. असे पदार्थ शाळेत विकायचे नाहीत, त्यांच्या वेष्टनावर कार्टूनही नको. पहिल्या टप्प्यातच अष्टकोन लागलेल्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. संशोधकांशी बोलताना तिथल्या आयांनी आणखी एक सांगितलं: शाळेत डब्याला चालत नाही म्हणून, काळा शिक्का असलेलं पाकीट घेऊ नकोस असं आता मुलंच त्यांना बजावतात.