गोवर विषाणूचे जनुकीय सर्वेक्षण (भारत)

गोवरच्या रुग्णाकडून घेतलेल्या नमुन्यातील विषाणूचा जनुकीय क्रम वाचून तो कोणत्या वंशातला आहे आणि संसर्ग कुठून आला असावा, हे ठरवण्याची पद्धत. अंगावर आलेले पुरळ गोवरचेच आहे का, हे रक्तातील आयजीएम (नुकत्याच झालेल्या संसर्गात तयार होणाऱ्या) प्रतिपिंडांवरून कळते. पण २०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव येथे साथ पसरली, तशा वेळी हे रुग्ण एकाच साखळीतले की वेगवेगळ्या, याचे उत्तर त्या चाचणीत मिळत नाही. त्यासाठी विषाणूच हाती यावा लागतो.

गोवरचा विषाणू आरएनए प्रकारचा असून त्याचा जनुकसंच १५,८९४ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतील एककांचा) आहे. त्यातील एन जनुकाच्या शेवटच्या टोकाची ४५० न्यूक्लिओटाइडे खूप बदलतात, म्हणून जगभर तेवढाच तुकडा वाचून जनुकप्रकार ठरवतात. जागतिक आरोग्य संघटनेने ए ते एच या आठ गटांत २४ जनुकप्रकार मानले आहेत. प्रकार कोणताही असो, लस सर्वांवर चालते. साथ आली म्हणजे ‘नवा विषाणू आला, लस निकामी झाली’ हा समज चुकीचा आहे.

लसीतले सर्व विषाणू ए प्रकारचे असतात. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८मध्ये ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली. लस टोचल्यावर आठवडाभराने काही मुलांना ताप आणि पुरळ येते. अशा मुलाच्या नमुन्यात ए सापडला तर ती लसीची सौम्य प्रतिक्रिया; डी८ हा डी गटातला प्रकार सापडला तर त्याला बाहेरूनच लागण झालेली आहे. घाबरलेल्या आईला खात्रीने सांगता येईल असे हे उत्तर आहे.

सगळी भिस्त मात्र नमुन्यावर. घशातला स्वॅब पुरळ उठल्यापासून पाच दिवसांत घेतलेला उत्तम. नंतर विषाणू झपाट्याने कमी होतो. गोवर ‘निघाला’ की मुलाला घरीच ठेवायचे, ही आपल्याकडची रीत असल्याने आशाताईंना कळेपर्यंत हे दिवस निघून जातात. स्वॅब व्हीटीएमच्या (विषाणू टिकवणाऱ्या द्रावणाच्या) नळीत, नळी आइसपॅकच्या डब्यात, तिथून प्रयोगशाळेत. वाटेत डबा तापला, तर पुढचे महागडे यंत्र काही कामाचे नाही. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि चेन्नईची किंग इन्स्टिट्यूट यांनी हे काम दीर्घकाळ केले आहे. भारतात मुख्यतः डी४ आणि डी८ आढळले, काही ठिकाणी डी७ आणि बी३ही.

मिळालेला क्रम ‘मीन्स’ या गोवर विषाणूंच्या क्रमांच्या आंतरराष्ट्रीय संचात जातो. तिथले एक नाव पाहण्यासारखे आहे : ‘एमव्हीएस/गीरसोमनाथ.आयएनडी/४२.१६ [डी८]’. म्हणजे गुजरातच्या गीर सोमनाथ जिल्ह्यातला, २०१६च्या ४२व्या आठवड्यातला, थेट रुग्णाच्या नमुन्यातून वाचलेला डी८. २०१८-१९मध्ये युरोपातील अनेक देशांत याच क्रमाचा विषाणू सापडला. तो गीर सोमनाथमध्येच उपजला असे यावरून ठरत नाही. नाव मिळते ते नोंद झालेल्या ठिकाणाचे. ज्या जिल्ह्याने नमुना वेळेवर पाठवला त्याच्यावर ठपका ठेवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

गोवरच्या निर्मूलनासाठी देशातली संक्रमणाची साखळी किमान १२ महिने तुटलेली असावी लागते. त्या काळात रुग्ण सापडला, तर तो बाहेरून आला की जुनीच साखळी छुपेपणाने चालू होती, हे दाखवायला जनुकीय पुरावा लागतो. इथे आता नवी अडचण आहे. लसीकरणामुळे बहुतेक वंश दिसेनासे झाले आणि अलीकडच्या वर्षांत जगभर बी३ आणि डी८ हे दोनच सापडतात. ४५० न्यूक्लिओटाइडांचा तोच तुकडा अनेक देशांत अगदी सारखा निघतो. म्हणून एम आणि एफ या दोन जनुकांच्या दरम्यानचा सुमारे हजार न्यूक्लिओटाइडांचा भाग किंवा संपूर्ण जनुकसंच वाचण्याकडे प्रयोगशाळा वळत आहेत. त्यासाठी नमुन्यात विषाणू आणखी भरपूर असावा लागतो, म्हणजे स्वॅब आणखी लवकर घ्यावा लागतो.